दुसरी हाक

त्या वर्षी विद्यापीठातली पोरं कॅन्टीनच्या मागच्या दारानं सटकायला शिकली, आणि त्याला कारण होत्या वाणिज्य विभागातल्या एक मॅडम. विद्यार्थी शिकता शिकता स्वतःचा धंदा का काढतात, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. काखेत फॉर्मचा गठ्ठा, हातात चार रंगांची पेनं, आणि ज्याचा टीचभर का होईना धंदा असेल त्याला गाठून शेजारी ठाण मांडायचं. ‘तुझी मूळ प्रेरणा काय?’ हा त्यांचा प्रश्न. पोरांनी त्यांचं नाव प्रेरणाबाई ठेवलं होतं. बाईंच्या ते कानावर आलं होतं आणि त्या त्यावर हसल्याही होत्या.

उत्तरं तरी काय एकेक! जुन्या सायकली दुरुस्त करून विकणारा म्हणाला, घरचे विचारतात काय दिवे लावतोस, त्यांना सांगायला काहीतरी हवं. बॅगांच्या चेन बसवून देणारी म्हणाली, मला कुणी हुकूम सोडले की डोकं फिरतं, म्हणून. एका पठ्ठ्यानं सरळ लिहिलं, एका मुलीवर छाप पाडायची होती. बाईंनी तेही गंभीर चेहऱ्यानं निळ्या पेनानं टिपून घेतलं.

मग बाई कोंबड्याकडे आल्या.

कोंबडा म्हणजे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातला एक किडकिडीत मुलगा. हे नाव त्याला पडलं त्याच्या धंद्यावरून. तो लोकांना उठवायचा. परीक्षेच्या दिवसांत, मुलाखतीच्या दिवशी, लवकरची गाडी पकडायची असेल तेव्हा. आदल्या संध्याकाळी मेसेज टाकायचा, खोली कोणती, वेळ कोणती, काम काय; की पहाटे कोंबडा दारात हजर. तुम्ही म्हणाल, मोबाईलला गजर असतो की. असतो ना. पण गजर एका बोटानं गप्प करता येतो, दारात उभा राहिलेला माणूस कसा गप्प करणार? पाच महिन्यांत त्याच्याकडे इतकी मागणी आली, की मुलींच्या वसतिगृहासाठी त्यानं कायद्याची एक विद्यार्थिनी भागीदार म्हणून घेतली. तिला सगळे वकिलीणबाई म्हणत. तिच्या आवाजाच्या धास्तीनं म्हणे मुली आदल्या रात्रीच जाग्या राहत.

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. पाच पर्याय होते. कोंबड्यानं ‘बाजारातील संधी’ समोर खूण केली आणि उठायला लागला.

“बस,” बाई म्हणाल्या. “बाकीच्यांनी उत्तर दिलं. तू खूण करून पळतोयस. उठवण्याचंच का सुचलं तुला? डबे पोचवायचे, नोट्स विकायच्या, शंभर धंदे आहेत.”

“मला लवकर जाग येते मॅडम,” तो म्हणाला. “वाया कशाला घालवायची, म्हटलं.”

बाईंनी त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. कधी सांगावंसं वाटलं तर ये, एवढं बोलून त्या गेल्या. शहाणी बाई. अशी माणसं फार त्रास देतात, कारण ती खोदत नाहीत आणि मग आपल्यालाच आतून खाजवत राहतं.

कोंबड्याचे नियम कडक होते. दार बोटांनी वाजवायचं नाही, किल्ल्यांच्या जुडग्यानं वाजवायचं. हाका तीन मारायच्या, मोजून, मध्ये दमभर थांबून. आतून कुणी ‘उठलो’ म्हणालं तर ते धरायचं नाही. हा सगळ्यात मोठा नियम.

“अरे बाबा उठलो!”

“दार उघड.”

“कपडे नाहीत अंगावर!”

“चादर गुंडाळ आणि उघड.”

दार उघडायला हवं, दिवा लागायला हवा, दोन्ही पाय जमिनीवर दिसायला हवेत, आज कोणता पेपर ते तोंडानं सांगायला हवं. मग नळाचा आवाज. नळ वाहायला लागला की कोंबडा पुढच्या दाराकडे. पोरं शिव्या घालायची, उशा फेकून मारायची, आणि पुढच्या पेपरला पुन्हा त्यालाच मेसेज टाकायची.

हे सगळं त्याला कुठून सुचलं, ते आता सांगतो. त्यानं प्रेरणाबाईंना नाही सांगितलं, पण तुमच्यापासून काय लपवायचं?

गेल्या वर्षी त्याच्या खोलीत दुसरा एक मुलगा होता. उंची सहा फुटांच्या वर, पाय कायम पलंगाबाहेर लोंबकळलेले, म्हणून त्याचं नाव उंट. स्वभावानं गरीब, जेवणात पटाईत, गणितात मात्र सशाचं काळीज. दोघांचं मेतकूट असं, की एकाचा टॉवेल दुसरा वापरायचा आणि भांडण त्यावरून नाही, तर तो वाळत न घातल्यावरून व्हायचं. उंट शिष्यवृत्तीवर शिकत होता. एक विषय जरी राहिला तरी शिष्यवृत्ती बंद, असा करार होता. वडील नव्हते. आईनं घर एकटीनं ओढलं होतं, आणि खाली एक धाकटी बहीण होती.

गणिताच्या पेपरच्या आदल्या दिवशी उंट म्हणाला, “मला पाचला उठव हां. नुसती हाक नको मारूस, उठेपर्यंत उठव. माझं काही खरं नाही.”

“उठवतो रे,” कोंबडा म्हणाला. तेव्हा तो कोंबडा नव्हता, साधा मुलगाच होता.

पहाटे पाचला त्यानं हाक मारली. “ए उंटा, पाच वाजले.” भिंतीकडे तोंड करून झोपलेला उंट म्हणाला, “हो रे, उठलो.” बस्स. याचंही डोकं त्या दिवशी ताळ्यावर नव्हतं, चार प्रकरणं वाचायची राहिली होती. दार ओढून तो अभ्यासिकेत गेला. वाटेत कंपासपेटी विसरल्याचं लक्षात आलं म्हणून परत आला, दारात उभा राहिला. उंट तसाच भिंतीकडे तोंड करून. उठलो म्हणालाय ना, मग उठेल की, मी काय त्याची आई आहे? असं मनात म्हणून यानं पेटी उचलली आणि तो गेला.

सकाळी आठला परीक्षेच्या हॉलमध्ये मागचं बाक रिकामं राहिलं. अर्ध्या तासानं दारं बंद झाली. यानं मागे वळून पाहिलं नाही, कारण तिसरं गणित सुटत नव्हतं.

दुपारी रेक्टरनी ऑफिसात बोलावून विचारलं, “तू खोलीत होतास ना? उठवलं नाहीस त्याला?” तिथं कारकून होता, शिपाई होता, आणि कोपऱ्यात मान खाली घालून उंट उभा होता. कोंबड्याच्या तोंडून निघून गेलं, “उठवलं सर. तीन वेळा हाका मारल्या.”

कुठून आले ते तीन? त्याला स्वतःलाही कळलं नाही. दोन म्हणाला असता, चार म्हणाला असता. तोंडातून गेलं ते गेलं. उंटानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. 

संध्याकाळी उंटाच्या आईचा फोन आला. “बाळा, तू खोटं बोलणार नाहीस. खरंच उठवलं होतंस?” तिथं तरी सुधारायचं ना! पण एकदा बोललेलं तीनच राहिलं. “हो काकू. तीन वेळा.” काकू फोनवर रडल्या आणि म्हणाल्या, “तुझे उपकार आहेत रे. माझंच कार्टं कुंभकर्ण.”

शिष्यवृत्ती गेली, उंट घरी गेला, आणि सव्वा महिन्यानं एका लाकडाच्या वखारीत ओंडक्यांची थप्पी घसरून तो गेला. सकाळी साडेसहाची वेळ होती.

कोंबडा भेटायला गेला तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. काकूंनी त्याचा हात धरून आल्यागेल्याला सांगितलं, “हा त्याचा मित्र. या बिचाऱ्यानं तीन तीन हाका मारल्या हो.” लोक त्याच्याकडे कौतुकानं पाहत होते. त्याला वाटलं जमीन दुभंगावी. ती काही दुभंगली नाही, आणि बसनं तो परत आला.

तेव्हापासून त्याची झोप पावणेपाचला मोडायची. समोरचा पलंग रिकामा होता, रेक्टरनी दुसरं कुणी दिलं नव्हतं. त्या पलंगाची एक फळी सैल होती आणि कुणी कूस बदलल्यासारखी ती वाजायची. लाकूड आहे, थंडीनं आकसतं, हे अभियांत्रिकीच्या मुलाला काय कुणी शिकवायला हवं? तरी तो अंथरुणात उठून बसायचा आणि पुटपुटायचा, “ए उंटा.” एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. तीन झाल्याशिवाय छातीवरचं ओझं हलायचं नाही. मग शेजारच्या खोलीतल्या मुलानं सहज म्हटलं, तू जागाच असतोस तर मलाही उठवत जा की. आणि धंदा सुरू झाला. दारामागे दारं वाढत गेली. लोकांना वाटलं काय पोरगं आहे, काय डोकं आहे.

भूतबित काही दिसत नव्हतं त्याला. दिसलं असतं तर बरं झालं असतं, चारचौघांत सांगता तरी आलं असतं. त्याला फक्त ऐकू यायचं. रोज पहाटे चाळीस दारांतून चाळीस आवाज म्हणायचे, “हो रे, उठलो,” आणि त्यातला एक उंटाचा असायचा. तोच आळसावलेला, ओढून लांबवलेला सूर. कधी दुसऱ्या मजल्यावर, कधी जिन्याजवळच्या खोलीतून. दार उघडलं की भलतंच कुणीतरी डोळे चोळत उभं. एकदा तर तो कोपऱ्यातल्या एका दाराशी किल्ल्या वाजवत उभा असताना झाडूवाले मामा आले आणि म्हणाले, “अहो, ही खोली आठवड्यापासून रिकामी आहे. कुणाला उठवताय?”

“आतून कुणीतरी म्हणालं, उठलो.”

मामांनी कुलूप हलवून दाखवलं. मग त्यांचाच चेहरा उतरला आणि त्या दिवसापासून ते तो कोपरा उजाडल्यावरच झाडायला लागले.

प्रेरणाबाई भेटून गेल्या त्याच आठवड्यात एक मेसेज आला. ‘उद्या पाच वाजता. पहिल्या वर्षाचा पहिला पेपर, गणित. बाजारामागच्या गल्लीत शिंप्याच्या दुकानावरची खोली. वकिलीणबाई नकोत, तुम्ही स्वतः या.’ खाली नाव होतं मुलीचं. नाव पटकन ओळखू आलं नाही. आडनाव वाचलं आणि त्यानं मेसेज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

उंटाची बहीण! ती याच विद्यापीठात आली होती आणि त्याला पत्ताच नव्हता.

त्यानं दहा वेळा ‘जमणार नाही’ असं लिहिलं आणि पुसलं. मग ‘येतो’ असं लिहून फोन उशीखाली खुपसला.

पहाटे गल्ली सामसूम होती. शिंप्याच्या दुकानाचं शटर बंद, काचेमागे कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट बाहुलीच्या अंगावर टाकलेला. बाजूनं लोखंडी जिना वर जात होता. कोंबड्यानं खिशातून किल्ल्या काढल्या आणि पहिली पायरी चढला, तर वरून आवाज आला, “वाजवू नका. मी जागी आहे.”

ती वरच्या पायरीवर बसली होती. केस विंचरलेले, कपडे केलेले, मांडीवर वही, दोन्ही पाय जमिनीवर. बसलेली होती तरी कळत होतं की उंचीला भावावर गेली आहे.

“जागी होतीस, मग बोलावलंस कशाला?” त्यानं विचारलं.

“बघायचं होतं, तुम्ही किती हाका मारता ते. मग वाटलं, तेवढा वेळ नाही माझ्याकडे.” ती सरकून बसली नाही, की बसा म्हणाली नाही. “तुमचं नाव फार ऐकलं इथं आल्यावर. तीन हाका मारणारा. उठलो म्हटलेलं न ऐकणारा. मुली कौतुक करतात.”

कोंबड्यानं किल्ल्या खिशात टाकल्या. इतक्या महिन्यांत हे वाक्य त्यानं रिकाम्या पलंगाला शंभरदा ऐकवलं होतं, तरी माणसासमोर ते बाहेर यायला मिनिटभर लागलं. “मी त्या दिवशी एकदाच हाक मारली होती.”

“माहितीये.”

“माहितीये?”

“दादानं मला त्याच दिवशी फोनवर सांगितलं होतं.” तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागत होतं. “तो झोपला नव्हता. रात्रभर जागाच होता. पोटात गोळा आला होता, हातपाय गार पडले होते. मला म्हणाला, ‘अगं, त्यानं हाक मारली तेव्हा मी ठरवलं, अजून एक मारली की उठायचं. एक हाक आली की उठतो. तो परत आला, दारात उभा राहिला, मला वाटलं आता मारणार.’ तो दुसऱ्या हाकेची वाट बघत पडला होता.”

कोंबडा जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसला. म्हणजे झोपेशी काही संबंधच नव्हता! एवढी दारं वाजवली, एवढ्या लोकांचे पाय जमिनीवर मोजले, आणि तो मुलगा टक्क जागा होता.

“मग ऑफिसात बोलला का नाही तो?”

“तुम्ही मित्र होतात म्हणून. घरी मात्र बोलला. आईला म्हणाला, एकच हाक मारली होती. आई भडकली. म्हणाली, स्वतः लोळत पडायचं आणि वर मित्राला खोटं पाडायचं? त्यानंतर तो गप्पच झाला.” तिनं वही मिटली. “आई आजही लोकांना सांगते, माझा मुलगा तीन हाकांनी उठला नाही. मी सांगितलं तर म्हणते, भावाची बाजू घेतेस. माझा शब्द तिथं चालत नाही. तुमचा चालतो.”

“काय करू मी?”

“फोन करा. आई पाचला उठते. आत्ता, माझ्यासमोर.”

खिशातला फोन थरथरत होता, पहिलं गिऱ्हाईक वाट बघत असणार. कोंबड्यानं तो बाहेर काढला. उंटाच्या आईचा नंबर त्यानं कधी पुसला नव्हता आणि कधी लावलाही नव्हता. तिसऱ्या घंटीला काकूंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

“अगं बाई, तू? इतक्या सकाळी? बरा आहेस ना बाळा?”

त्या ‘बाळा’नं त्याचा धीर सुटत होता. बहीण त्याच्याकडे एकटक बघत होती. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. एकच हाक मारली. परत आलो तेव्हा दुसरी मारली नाही. रेक्टरांना खोटं बोललो, तुम्हालाही खोटं बोललो. तो जागा होता काकू, घाबरला होता. तो खरं सांगत होता.

भांड्यांचा आवाज थांबला.  

“एकच?” काकू म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे आळशी नव्हता तो.”

“नाही काकू.”

“मी त्याला वखारीत लावला,” काकू म्हणाल्या. त्या त्याच्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. “तो नको म्हणत होता. पुढच्या वर्षी पुन्हा बसतो म्हणत होता. मीच म्हटलं, नाही, तीन हाका मारून जो उठत नाही त्याला आधी उठायला शिकू दे. वखार सहाला उघडते. महिनाभर पहाटे उठलास की अंगातला आळस जाईल. मी हात धरून घेऊन गेले त्याला तिथं. तू तेव्हा एवढंच सांगितलं असतंस ना, तर मी नसतं पाठवलं रे.”

 वर्षभर कोंबडा त्या न मारलेल्या हाकेला घाबरत आला होता, आणि घात केला होता तो न मारताच मारल्या म्हणून सांगितलेल्या वरच्या दोन हाकांनी. हे त्याला आत्ता, या लोखंडी जिन्यावर कळत होतं. सामसूम गल्लीत फोनमधला आवाज बहिणीलाही ऐकू जात होता, आणि तिलाही हे कारण नवीन होतं. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता आणि तिचे खांदे हलत होते.

“काकू,” तो कसाबसा म्हणाला, “मी...”

“राहू दे.” काकूंचा आवाज एकदम कोरडा झाला, कामाचा. “आज तिचा पेपर आहे. गणिताचा. तुमच्याच तिकडे असते ती आता. तिला उठवायला कुणी आहे की नाही कोण जाणे.”

“ती उठलीय काकू. तयार होऊन बसलीय. माझ्या समोरच आहे.”



“तू सांगू नकोस,” काकू म्हणाल्या. “तिच्या हातात फोन दे.”

त्यानं हात लांब करून फोन दिला. बहिणीनं तो कानाला लावला, डोळे पुसले आणि म्हणाली, “हो आई. जागी आहे मी.”